घरच्या घरी बेस गिटार रेकॉर्डिंग: कमी खर्चात, वन बीएचकेत, अगदी सुरुवातीपासून

बेस घेतला, चार-सहा गाणी हाताखाली आली, आता आपलं वाजवणं रेकॉर्ड करून बघायचंय पण घर लहान, खिडकीबाहेर घोडबंदर रोड आणि मेट्रोचं काम, आणि खर्चायला फार पैसे नाहीत, असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. ठाण्यात, ऐरोलीत, नेरुळात, खारघरात अशी बरीच मुलं-मुली भेटतात ज्यांना वाटतं की रेकॉर्डिंग म्हणजे भिंतीला फोम लावलेली खोली पाहिजे. गायकाला ती लागते, तबल्याला लागते, कारण तिथे माइक आहे आणि माइक सगळंच ऐकतो. बेसचा आवाज मात्र पिकअपमधून (तारांखालचा चुंबकवाला तुकडा) केबलमध्ये आणि केबलमधून थेट कॉम्प्युटरमध्ये जातो, मधे हवा येतच नाही. शेजारच्या कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग, खाली मंडळाचा ढोल, काही म्हणजे काही रेकॉर्ड होत नाही. रात्री एक वाजता हेडफोन लावून वाजवलंत तर बाजूच्या खोलीत झोपलेल्या आजीला फक्त तारांची बारीक टिकटिक ऐकू येईल, तीही आली तर.

आणि हा काही गरिबांचा जुगाड नाही हं. १९६० च्या दशकात डेट्रॉइटमधल्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसनचा बेस असाच थेट जोडून रेकॉर्ड व्हायचा, समोर अँप ठेवून माइक लावण्याच्या भानगडीशिवाय, आणि तो माणूस उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. या पद्धतीला डीआय म्हणतात, म्हणजे डायरेक्ट इनपुट. पुढचं सगळं याच पद्धतीबद्दल आहे.

पैसे कशावर घालायचे

माझ्या मते क्रम असा: आधी तारा आणि सेटअप, मग ऑडिओ इंटरफेस, मग हेडफोन, आणि शेवटी बाकी सगळं. बहुतेक जण उलटं करतात, महागडा इंटरफेस घेतात आणि बेसला तीन वर्षं जुन्या गंजलेल्या तारा. आपल्याकडची हवा दमट, खाडी जवळ, त्यात घामाचे हात, पावसाळ्यात तर तारा बघता बघता मरतात. मेलेली तार ओळखायची कशी, तर ओपन ई वाजवा, आवाज लगेच बोथट होतो आणि ट्यूनर एका जागी थांबत नाही. निकेलच्या राउंडवाउंड तारांचा ०.०४५ ते ०.१०० इंच मापाचा सेट कुठेही मिळतो, नवख्याने तोच घ्यावा. तुम्हाला जुन्या गाण्यांसारखा गोल, मऊ आवाज आवडत असेल तर फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत तारा) घ्या, त्या महाग असतात पण वर्षानुवर्षं टिकतात, जेमरसन त्याच वापरायचा. वाजवून झालं की सुक्या कपड्याने तारा पुसायच्या आणि जून ते सप्टेंबर केसमध्ये सिलिका जेलची पाकिटं टाकून ठेवायची, एवढं केलंत तरी फरक पडतो.

सेटअप म्हणजे मानेचा बाक, तारांची उंची आणि इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही तार सुरात राहते का ते. पावसाळ्यात लाकूड ओलावा ओढतं, मान हलते, आणि मग फ्रेटवर खडखड सुरू होते जी हेडफोनमध्ये भयानक ऐकू येते. इंटोनेशन स्वतः तपासता येतं: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) वाजवा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा, दोन्ही ट्यूनरवर एकच दिसायला हवेत. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल मागे न्यायचं, उतरा आला तर पुढे. ट्रस रॉडला, म्हणजे मानेचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळईला, मात्र पहिल्यांदा माहीतगार माणसाच्या हाताखाली शिका, जोर लावून फिरवायची ती गोष्ट नाही.

इंटरफेस म्हणजे गिटार आणि लॅपटॉपच्या मधला डबा. बेरिंजर, एम-ऑडिओ, फोकसराइट यांचे छोटे मॉडेल पुरतात, एका वेळी आपल्याला एकच वाद्य घ्यायचंय. घेताना एकच गोष्ट बघा, त्याला इन्स्ट्रुमेंट इनपुट आहे का, काहींवर हाय-झी किंवा नुसतं इन्स्ट लिहिलेलं असतं, काहींवर गिटारचं चित्र असतं. पॅसिव्ह पिकअपला साधारण १० लाख ओहमचं इनपुट लागतं, लाइन इनपुटचा रेझिस्टन्स त्यामानाने फार कमी असतो, बेस त्यात लावलात तर वरचा सगळा तजेला गिळला जातो आणि माणूस उगाच बेसला दोष देत बसतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात कन्व्हर्टर लावून बेस घुसवू नका, ते भोक त्यासाठी बनलेलंच नाही.

तुमच्याकडे आधीच एखादा मल्टी-इफेक्ट पेडल असेल तर त्याचं मॅन्युअल काढून बघा, बऱ्याच पेडलना यूएसबी ऑडिओ असतो, मग वेगळा इंटरफेस आत्ता नको. सेकंडहँड घ्यायला हरकत नाही पण स्वतः लॅपटॉप आणि बेस घेऊन जा आणि तिथेच लावून बघा, नॉब फिरवताना खरखर येते का ते ऐका.

केबल पाव इंची मोनो जॅकची, तीन मीटर पुरे, उगाच लांब घेऊ नका. ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला जॅक आणि शील्डेड वायर सुटी मिळते, सोल्डरिंग येत असेल तर चांगली केबल घरी बनते. ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडायची की झालं.

हेडफोन बंद कपांचे आणि वायरचे. ब्लूटूथ चालणारच नाही कारण आवाज इतका उशिरा येतो की तालात वाजवणं अशक्य होतं.

सॉफ्टवेअर

मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. विंडोजवर मी रीपर सुचवतो, ६० दिवस पूर्ण चालतो, नंतर घरगुती वापराचं लायसन्स ६० डॉलरला आहे, आणि जुन्या ४ जीबीच्या लॅपटॉपवरही पळतो. इक्यू (आवाजाचे वरचे-खालचे पट्टे कमी-जास्त करणारं), कंप्रेसर (जोरातला आवाज दाबून एकसारखा करणारा), ट्यूनर सगळं आत आहे. क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं घेऊ नका, व्हायरस येतो आणि शिवाय एका संगीतवाल्याने दुसऱ्याचं काम फुकट ढापू नये असं मला मनापासून वाटतं.

ड्रायव्हर, म्हणजे इंटरफेस आणि कॉम्प्युटरला जोडणारं सॉफ्टवेअर, विंडोजवर असिओ (ASIO) प्रकारचा हवा. इंटरफेसच्या कंपनीचा असेल तर तो टाका, नसेल तर असिओ-फॉर-ऑल. मग सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची ते) ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (इंटरफेस १६ बिटचाच असेल तरी अडत नाही) आणि बफर १२८. बफर म्हणजे कॉम्प्युटर किती आवाज साठवून मग पुढे ढकलतो ते. १२८ सॅम्पल म्हणजे ४८ किलोहर्ट्झला पावणेतीन मिलिसेकंदाच्या आत, जाऊन-येऊन आणि ड्रायव्हरचं धरून दुप्पट-तिप्पट होतं, तरी चालतं. टकटक, चरचर आवाज आले तर २५६ करा. लॅपटॉप फारच दमत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा, तुमचा बेस कॉम्प्युटरमधून न जाता सरळ कानात येईल, फक्त मग रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा नाहीतर सगळं दोनदा ऐकू येतं.

हम, म्हणजे तो गूं आवाज

नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. आता बेसच्या ई तारेवर तिसरा फ्रेट दाबा, तो जी आहे, म्हणजे पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच, आणि त्याची फ्रिक्वेन्सी ४९ हर्ट्झ. म्हणजे विजेचा हम हा थोडा चढलेला जी आहे, बरोब्बर बेसच्या घरात बसलेला. गायकाच्या ट्रॅकवरचा हम खालून कापून टाकता येतो, बेसचा कापायला गेलात तर बेसच कापला जातो. म्हणून तो मुळातच येऊ द्यायचा नाही.

शोधायचं असं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर ऐका. हम गेला तर दोषी चार्जर, मग रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर चालवा. नाही गेला तर पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी ट्यूब, राउटर, मॉनिटर एकेक बंद करून बघा. मग खुर्चीत बसल्या बसल्या हळूहळू गोल फिरा, सिंगल कॉइल पिकअपला दिशा असते, एका कोनात हम जवळजवळ मरतो, त्या कोनात बसून वाजवायचं. जॅझ बेस (दोन पिकअपचं मॉडेल) असेल तर दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडा, दोघांचा हम एकमेकांना मारतो, एकाचा जरा कमी केलात की परत येतो. प्रिसिजन टाइपचा पिकअप दोन तुकड्यांत असतो, त्यात ही सोय मुळातच आहे. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते आणि सोडला की वाढते, हे थोडंफार नॉर्मल आहे, पण फरक फार मोठा असेल तर बेसच्या आतलं शील्डिंग कमी पडतंय, तांब्याची चिकटपट्टी लावून ते सुधारता येतं.

एक गोष्ट कधीच करू नका, हम जावा म्हणून थ्री-पिन प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणं. जुन्या बिल्डिंगमध्ये तर नाहीच नाही. तुमचे ओले हात लोखंडी तारांवर असतात, जिवाशी खेळ आहे तो. सॉकेटला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा तपासून घ्या.

अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर ९ व्होल्टची नवी बॅटरी आणि वाजवून झालं की जॅक काढून ठेवायचा, जॅक आत राहिला की बॅटरी जळत राहते. अर्धमेल्या बॅटरीचा आवाज फाटतो आणि माणूस गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा तो इंटरफेसवरचा नॉब) कमी करत बसतो.

गेन लावणे

बेसचा व्हॉल्यूम पूर्ण, टोन पूर्ण किंवा थोडा कमी. आता तुम्ही गाण्यात जितकं जोरात वाजवणार त्याहून थोडं जास्त जोरात वाजवा आणि मीटरवर सगळ्यात उंच उडी उणे १० डीबीच्या आसपास येईल एवढाच गेन ठेवा. लाल दिवा एकदाही लागता कामा नये. कमी आवाजात घेतलेलं नंतर वाढवता येतं, २४ बिटमध्ये तर भरपूर जागा असते, फाटलेलं मात्र दुरुस्त होत नाही. आणि रेकॉर्ड करताना कंप्रेसर, डिस्टॉर्शन काही छापू नका, कोरा डीआय घ्या. ऐकायला कोरडा, नागडा वाटेल, वाटू दे.

ट्यूनिंग, आणि पेटी असेल तर

प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करा, एसी किंवा पंखा लावला-बंद केला तरी सूर सरकतो. ट्यून करताना तेवढ्याच जोराने छेडा जेवढ्या जोराने वाजवणार आहात, कारण जोरात छेडलेली जाड तार आधी चढते आणि मग खाली बसते.

आपल्याकडे बेस फक्त रॉकला वाजतो असं नाही, भावगीत, अभंग, लावणीच्या फ्यूजनला पण बसतो आणि छान बसतो. तिथे एक अडचण येते जी परदेशी व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. पेटीचे सूर ४४० वर (म्हणजे ए ४४० हर्ट्झला, ट्यूनरचं नेहमीचं माप) असतीलच असं नाही, जुन्या पेट्या जरा वर-खाली असतात, आणि पेटी काही तुम्ही ट्यून करू शकत नाही. म्हणून पेटीवाल्याने मध्य सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे ए, दाबून पाठवलेला पाच सेकंदांचा तुकडा ट्यूनरला ऐकवा आणि ट्यूनरचं कॅलिब्रेशन त्याप्रमाणे ४४१, ४४३ जे येईल ते करा, मग बेस ट्यून करा. गायक काळी एकमध्ये गाणार आहे की काळी चारमध्ये हेही आधी विचारून घ्या. काळी एक म्हणजे सी शार्प, त्यात खाली एकही ओपन तार षड्जाला मिळत नाही, मग फिंगरिंग आधीच बसवून ठेवावं लागतं.

प्रत्यक्ष वाजवणं

क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, लावा. क्लिक नको वाटत असेल तर साधा ड्रम लूप लावा पण काहीतरी स्थिर हवं. बेस थोडा मागे पडला की गाणं सुस्त वाटतं आणि पुढे धावला की अस्वस्थ, आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की दोष बेसचा आहे. मी तर म्हणेन की सूर कधी सुरू होतो यापेक्षा कधी संपतो याच्याकडे नवख्यांनी जास्त लक्ष द्यावं. स्नेअर वाजायच्या आधी नोट बंद केलीत तर गाणं उड्या मारतं, ओढून धरलीत तर वाहतं, दोन्ही बरोबर आहे पण ठरवून करा आणि पूर्ण गाणंभर तसंच करा.

न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवणं, म्हणजे म्यूटिंग, हे रेकॉर्डिंगमध्ये अचानक फार मोठं होऊन समोर येतं. ए वाजवताना जाड ई तार हळूच गुणगुणत असते, खोलीत लक्षात येत नाही, हेडफोनमध्ये सगळं गढूळ. उजवा अंगठा वरच्या जाड तारांवर टेकवत जा, डाव्या हाताची मोकळी बोटं बारीक तारांवर आडवी ठेवा. जुना ठकठकीत आवाज हवा असेल तर ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा सरकवा, खरंच चालतं.

पूर्ण गाणं एका दमात वाजवायचा अट्टहास नको. मुखडा, अंतरा असे तुकडे करा, प्रत्येकाचे तीन-चार टेक घ्या, चांगला तो ठेवा. फक्त एक करा, तुकडा सुरू व्हायच्या दोन बार (तालाची दोन मापं) आधीपासून वाजवत या, म्हणजे जोड कळत नाही आणि हात गरम असतो.

मिक्स, आणि खोलीचा खोटेपणा

रेकॉर्डिंगला खोली लागत नाही हे वर सांगितलं, ऐकायला मात्र खोली मधे येते. आपली बेडरूम साधारण १० बाय १० ची, छतही साडेनऊ-दहा फुटांचं. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६-५७ हर्ट्झचा आवाज घुमतो, आणि बेसची ओपन ए आहे ५५ हर्ट्झ. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी म्हणजे तिन्हीकडून तोच सूर फुगतो. भिंतीला टेकून स्पीकरवर ऐकलंत तर ए प्रचंड मोठा, खोलीच्या मधोमध बसलात तर तोच ए जवळजवळ गायब, आणि तुम्ही इक्यूचे नॉब फिरवत बसणार. अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम लावून यात काहीच बदलत नाही, एवढ्या लांब लहरींना ते दिसतसुद्धा नाहीत. म्हणून बेसचे निर्णय हेडफोनवर घ्या, आणि ज्या शैलीत काम करताय त्यातलं एक चांगलं गाणं बाजूला ठेवून आलटून पालटून ऐका.

आधी इक्यूने ३० हर्ट्झच्या खालचं कापा, चार तारांच्या बेसचा सगळ्यात खालचा सूर ४१ हर्ट्झ आहे, त्याखाली फक्त हाताचे धक्के असतात. २०० ते ३०० च्या मधे थोडं कमी केलं की गढूळपणा जातो. ७०० ते १००० ला थोडं वाढवलं की सूर ओळखू येतो. मग कंप्रेसर, रेशो ४:१, अटॅक (किती वेळाने दाबायला लागतो) २५ मिलिसेकंदाच्या आसपास म्हणजे बोटाचा ठोका सुटतो, रिलीज (किती वेळाने सोडतो) १००-१५०, आणि सुई चार-पाच डीबी हलेल इतकाच. पॅन (डावी-उजवी बाजू) मधोमध, हलवू नका.

किक ड्रम आणि बेस एकाच जागी भांडतात, त्यांच्यात वाटणी करून द्या, एकाला ६० च्या आसपास जास्त आणि दुसऱ्याला ९०-१०० ला. तबला असेल तर भांडण डग्ग्याशी. डग्ग्याची मींड बेसच्याच पट्ट्यात फिरते, तिथे इक्यूने फार होत नाही, वाजवण्यातच जागा सोडावी लागते. तबलजी भरपूर बोलत असेल तर तुम्ही समेवर एक सूर ठेवा आणि गप्प बसा. मला विचाराल तर हे कुठल्याही प्लगइनपेक्षा (सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या इफेक्टपेक्षा) जास्त काम करतं.

आता, बहुतेक लोक हे गाणं मोबाइलवर ऐकणार, आणि मोबाइलचा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही. तरी चांगला मिक्स केलेला बेस मोबाइलवर कळतो, कारण त्याच सुराचे वरचे भाग, ८२, १२३, १६४ हर्ट्झ आणि पुढचे, ऐकून कान खालचा सूर स्वतः धरतो. हे वरचे भाग वाढवायचे तर थोडं सॅच्युरेशन द्यायचं, म्हणजे आवाज किंचित फाडायचा. ट्रॅकची कॉपी करा, मूळ तसाच स्वच्छ ठेवा, कॉपीवर टीएसई बीओडी किंवा न्यूरल अँप मॉडेलर हे प्लगइन लावा, दोन्ही फुकट आहेत, आणि त्या कॉपीचं २५०-३०० च्या खालचं सगळं कापा. मग हळूहळू मूळच्या खाली मिसळा. मिसळल्यावर आवाज जाड व्हायच्या ऐवजी पातळ झाला तर कॉपीची पोलॅरिटी (लहरीचं वर-खाली) उलटी करून बघा.

शेवटी फाइल. वेव्हमध्ये काढा, एमपी३ दुसऱ्याला काम करायला पाठवू नका. मोनो, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका मिनिटाची फाइल पावणेनऊ एमबीच्या आत राहते म्हणजे चार मिनिटांचं गाणं ३५ एमबी, ड्राइव्हवरून सहज जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बेस दुसऱ्या अंतऱ्यात सुरू होत असला तरी फाइल पहिल्या बारपासूनच काढायची, समोरच्याने ट्रॅकच्या सुरुवातीला टाकली की आपोआप जागेवर बसते. कोरा डीआय आणि प्रोसेस केलेला, दोन्ही पाठवा, आणि नावात गाण्याचं नाव, बीपीएम (मिनिटाला किती ठोके), पट्टी आणि ट्यूनरचं कॅलिब्रेशन लिहा, म्हणजे वाशीत बसलेल्या गिटारवाल्याला रात्री फोन करून विचारावं लागत नाही.